चांदण्या पडलेली काच

कारखान्यात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेत तिने एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण काच नापास करताना तिचा चेहरा असा व्हायचा की समोरच्याला वाटावं, आपणच अभ्यास केला नाही. काचेवर मुलामा चढवणारा तो कारखाना, आणि त्याच्या तपासणीच्या खोलीत तिला एकोणीस वर्षं झालेली. तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय आणि दाखल्यावर तिची सही झाल्याशिवाय एक काच दाराबाहेर पडत नसे.

तिथे कॅमेऱ्याची भिंगं व्हायची, ऊन परतवणाऱ्या खिडक्या व्हायच्या, पण तिचा जीव होता भट्टीवाल्यांच्या काचांवर. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडासमोर उभी राहणारी माणसं टोपाला पुढून ही काच लावतात. काच साधीच असते. तिच्यावर सोन्याचा थर असतो, इतका पातळ की केसाचे उभे दोन हजार काप केले तर त्यातल्या एका कापाएवढा. समोरून बघावं तर आरशासारखी सोनेरी, आतून बघावं तर जग हिरवट. उजेड आत येतो आणि धग सोन्यावर आपटून माघारी जाते. ओरखडे पडू नयेत म्हणून त्या सोन्यावर आणखी एक कडक, बिनरंगी थर असतो.

जीव असण्याचं कारण घरचंच होतं. तिचा थोरला भाऊ, दादा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका ओतशाळेत भट्टीच्या तोंडाशी उभा असायचा. आईवडील लवकर गेले तेव्हा त्याने स्वतःची वह्यापुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, भट्टी धरली आणि हिला शिकवलं. लहानपणी ती त्याच्या मागे मागे रांगेत चालल्यासारखी चालायची, म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा. पन्नाशीला आली तरी मुंगीच म्हणायचा.

ओतशाळेत त्याला म्हणत पारखी. वितळलेल्या लोखंडाच्या रसाचा रंग बघून तो सांगायचा, थांबा, अजून थोडं, आता ओता. उष्णता मोजायचं यंत्र तिथे होतं, पण दादा त्याला 'दुसरं मत' म्हणायचा. आणि बहुतेक वेळा दुसरं मत पहिल्या मताशी सहमत निघायचं.

तर झालं असं. एका पावसाळ्यानंतर कारखान्याची वीजजोडणी बदलायची होती, म्हणून कामगारांना चार दिवस सुट्टी मिळाली. जाताना मास्तरीणबाई एक गोष्ट विसरली. दमट पेटीत तिने सोनेरी काचेचे सहा तुकडे ठेवले होते. ही पेटी म्हणजे वाफाळत्या गरम हवेचं कपाट. तिच्यात काच चोवीस तास ठेवायची, मग काढून चिकटपट्टी लावायची, पट्टी झटक्यात ओढायची, आणि पट्टीबरोबर सोनं आलं नाही तर काच पास, असा नियम. पेटीची तार वेगळी असल्याने ती चालूच राहिली. चार दिवसांनी बाई आली, तेव्हा तुकडे आतच होते. तिने कपाळावर हात मारला.

फेकून द्यायचे, पण सवयीने तिने एक तुकडा दिव्याच्या पेटीसमोर धरला. लाकडाच्या खोक्यात प्रखर दिवा आणि पुढे हातभर फट, एवढंच ते यंत्र. खोलीचे पडदे ओढलेले होते. हिरवट अंधारात तिला पांढरे ठिपके दिसले. एक, दोन, पाच. डोळा जवळ नेला तर अक्षरशः आभाळ. टाचणीच्या टोकाहूनही बारीक भोकं, शेकड्यांनी. दुसरा तुकडा, तिसरा, सगळ्यांना चांदण्या पडलेल्या. सहाव्याची कड तर सापाने कात टाकावी तशी सुटत होती.

जुन्या काचा कधीमधी आठवडाभर पेटीत राहिलेल्या तिने पाहिल्या होत्या. त्यांना काही होत नसे.

ती तडक पंपवाल्या काकांकडे गेली. मुलामा चढवायच्या पोलादी पिंपातली हवा उपसून काढायचं काम त्यांचं. पिकलेले गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. बाईने तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि लगेच खाली केला.

"काका, धुलाई किती वेळ करता?"

सोनं काचेला असं तसं धरत नाही. हवा काढलेल्या पिंपात आधी काचेवर विजेची जांभळी झळाळी सोडावी लागते, ती काचेचा अदृश्य मळ जाळून टाकते. तिलाच सगळे धुलाई म्हणत. मग एक धरून ठेवणारा थर, आणि मगच सोनं. धुलाई वीस मिनिटांची.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. "आठ."

"आठ? कधीपासून?"

"नवे साहेब आल्यापासून. चौदा महिने झाले असतील. म्हणाले, वीस मिनिटांत अडीच पिंपं निघतील. मी म्हटलं, साहेब, सोनं रुसेल. म्हणाले, तुम्ही पंप बघा." काकांनी तुकडा तिला परत दिला. "तुझ्या टेबलावर पास होत होतं ना गं. मग मला वाटलं, आपलंच म्हातारपण बोलतंय."

पास होत होतं, हे खरंच होतं. चोवीस तासांत एकाही काचेने दगा दिला नव्हता. दगा पंचविसाव्या तासापासून सुरू होत होता.

दुपारपर्यंत तिने मोजमाप केलं. चांगल्या काचेतून शंभरातले तीन भाग धग पलीकडे जायची. त्या तुकड्यांतून एकवीस भाग जात होती. उजेड मात्र थोडाच जास्त. म्हणजे काच घालणाऱ्याला काही कळणारही नाही. झगमग वाढली तर माणूस डोळे मिटतो. धगीला रंग नसतो.

नव्या साहेबांनी तिचा कागद शांतपणे वाचला. तरुण माणूस, बोलणं गोड.

"बाई, नियम काय म्हणतो? चोवीस तास. चोवीस तासांत काही झालं?"

"नाही."

"मग? परीक्षेत पास झालेल्याला तुम्ही आणखी तीन दिवस बाकावर बसवून ठेवलंत, तो चक्कर येऊन पडणारच."

"भट्टीवाल्याला चोवीस तासच घाम येतो असं कुठल्या नियमात आहे? ते दिवसातून दहा वेळा ओल्या फडक्याने काच पुसतात. गरम, गार, ओली, सुकी. ही पेटीच आहे त्यांच्या तोंडावर बांधलेली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. उद्यापासून धुलाई वीस मिनिटं. झालं समाधान?"

"आणि गेलेल्या काचा?"

"गेलेल्या गेल्या." ते हसले, पण फक्त ओठांनी. "बाई, चौदा महिन्यांच्या दाखल्यांवर सही कुणाची आहे? माझी नाही. ओरडायला सुरुवात करण्याआधी आपण कुणाच्या नावाने ओरडतोय ते बघून घ्या."

ती बाहेर आली. व्हरांड्यात पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली होती, पाठवायला तयार. प्रत्येकावर तिचा शिक्का.

त्या आठवड्याच्या सुट्टीला ती दादाकडे गेली. वहिनीने दार उघडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने स्वागत न करता तिचा हात धरून आधी स्वयंपाकघरात नेलं.

"बरं झालं आलात. यांना काहीतरी होतंय. परवा मिठाच्या जागी साखर घातली भाजीत. मी म्हटलं, लक्ष कुठाय? तर अंगावर आले. दिव्याभोवती कडं दिसतं म्हणाले एकदा झोपेत असल्यासारखे, आणि मग म्हणतात मी असं बोललोच नाही. जिन्याची शेवटची पायरी रोज चुकतात."

"डॉक्टर?"

"डॉक्टरचं नाव काढलं की तीन दिवस अबोला. तुमचंच ऐकतील तर ऐकतील."

दादा बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून स्टुलाचा पाय ठोकत होता. खिळा ठोकण्याआधी त्याने अंगठ्याने त्याचं डोकं चाचपलं. पूर्वी तो बोलता बोलता, बघितलं न बघितल्यासारखं करत खिळे ठोकायचा.

"मुंगे! ये. आज वाट कशी चुकलीस?"

शेजारी वर्तमानपत्रावर त्याचा टोप ठेवलेला होता, सोनेरी काच लावलेला. आपली काच तो कुणाला पुसू देत नसे. सुट्टीला घरी आणायचा आणि ओल्या मऊ फडक्याने स्वतः साफ करायचा, एखाद्याने चांदीची भांडी पुसावी तशी.

तिने टोप उचलला. काचेच्या कोपऱ्यात कोरलेला लॉटचा आकडा होता. तो तिला पाठ होता, मागच्या वर्षीचा, आठ मिनिटांच्या धुलाईचा. तिने काच खिडकीतल्या उन्हासमोर धरली.

चांदण्या नव्हत्याच आता. कित्येक ठिकाणी त्या एकमेकींना मिळून त्यांचे डाग झाले होते. अगदी मधोमध, जिथे डोळे येतात तिथे, जिथे फडकं सगळ्यात जास्त फिरतं, तिथे सोनं जाऊन नकाशातल्या तळ्यासारखा रिकामा तुकडा होता. हे कुणालाही दिसलं असतं. नुसतं उन्हासमोर धरलं तरी दिसलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "ही काच उद्या घालू नकोस."

"का? चांगली लख्ख आहे. तूच पास केलीस ना?" तो हसला. "खरं सांगू? पूर्वी मी भट्टीकडे डोळे बारीक करून बघायचो. कोपऱ्यात तुमच्या कारखान्याचा आकडा दिसायला लागल्यापासून उघड्या डोळ्यांनी बघतो. म्हटलं, घरच्याच माणसाने तपासलंय."

तिने त्याला सगळं सांगितलं. धुलाई, पेटी, एकवीस भाग. तो हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत ऐकत राहिला. मग खाली वाकून म्हणाला, "हळू बोल. ती आत आहे."

"तुला कमी दिसतंय, दादा."

"वय झालं."

"किती दिवस?"

त्याने पुन्हा हातोडी उचलली. निघताना तो तिला सोडायला जिन्यापर्यंत आला, कठड्याला घट्ट धरून.

"मुंगे, तू असं कर. मला एक चांगली काच आणून दे. गुपचूप."

"आणि भट्टीवरच्या बाकीच्या अकराजणांना?"

"त्यांनाही दे हळूहळू. पण तिथे येऊन बोभाटा करू नकोस. काचा खराब निघाल्या म्हटलं की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे तपासायला नेतील. माझेही नेतील."

"नेऊ देत की!"

"तुला कळत नाहीये." त्याने तिचं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं, पण जास्त जोराने. "पारख्याचे डोळे गेले तर मागे उरतो कोण? एक म्हातारा, टोप घातलेला. मला अजून चार वर्षं आहेत. मी सांभाळतो. यंत्राचा आकडा शेजारचा बोलून दाखवतो, त्यावरून अंदाज घेतो."

"अंदाजाने लोखंड ओततोस?"

त्याने हात सोडला. "तिथे येऊ नकोस. आलीस तर मी तुला ओळख दाखवणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

घरी परतताना तिने मनाची खूप समजूत घातली. आठ दिवसांत आपल्या नमुन्यांच्या कपाटातल्या जुन्या काचा काढून देता येतील. एकेक करून. कुणाला कळणार नाही. पण त्या जुन्या काचा होत्या चार, माणसं होती बारा, आणि पुढचे आठ दिवस भट्टी काही थांबणार नव्हती. कोणत्या चारजणांना द्यायच्या, इथपर्यंत विचार आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली.

दोन दिवसांनी, दुपारी पाळी बदलायच्या वेळेला, ती दिव्याची पेटी काखेत मारून ओतशाळेच्या फाटकावर उभी राहिली. काच बनवणाऱ्यांकडून तपासणीला आलेय, म्हणाली. हे अर्धं खरं होतं. तिला कुणी पाठवलं नव्हतं.

मुकादम म्हणजे दाराएवढा माणूस, आवाज त्याहून मोठा. "काचा तपासणार की आमची तोंडं? तोंडं नापासच आहेत, वेळ घालवू नका."

माणसं हसली. जेवणाच्या खोलीत लांब बाकांवर दोन्ही पाळ्यांची मंडळी होती, डबे उघडलेले, कपाळावर टोपांचे वळ. पलीकडच्या टोकाला दादा बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. एकाने पायाला पट्टी बांधलेली होती, तो पाय बाकावर आडवा टाकून जेवत होता.

तिने खिडक्यांची दारं लोटून घ्यायला सांगितली आणि पेटी लावली. आधी जुनी, चांगली काच फटीसमोर धरली. "बघा. नुसता गडद हिरवा रंग. एकही ठिपका नाही. अशी असायला हवी. आता आपापली काच आणा."

पहिला आला तो सगळ्यात थट्टेखोर असावा. काच धरली आणि म्हणाला, "आयला, हे तर आभाळ दिसतंय! यातला ध्रुव कुठला, बाई?" सगळे हसले. दुसऱ्याने धरली. तोही काहीतरी बोलायला गेला आणि काच पुन्हा फटीजवळ नेली. तिसरा चांदण्या मोजायला लागला, चाळिसाशी आकडा विसरला. चौथ्याच्या काचेची कड नखाने सुटली आणि सोन्याचा पापुद्रा त्याच्या बोटाला चिकटून राहिला. तो बोटाकडे बघत बसला.

एकेक करत खोलीतलं बोलणं थांबत गेलं. डबे तसेच राहिले.

"म्हणजे इतके दिवस आम्ही काय..." कुणीतरी विचारलं, आणि पुढे विचारलं नाही.

"धग आत येत होती," ती म्हणाली. "मी पास केल्या होत्या. मला माहीत नव्हतं. पण सही माझी आहे."

मुकादमाने मान वळवली. "पारखी, तुझी आण."

तिला वाटलं, तो उठणार नाही. पण बारा माणसांपैकी अकरा उठून आल्यावर बाराव्याला बसून राहता येत नाही. तो टोप घेऊन आला. तिच्या अगदी शेजारी उभा राहिला, अनोळखी माणसासारखा, आणि काच फटीसमोर धरून बघू लागला.

तो बघत होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. कारण पेटीतला दिवा त्याच्या काचेच्या भोकांतून पार होऊन त्याच्याच चेहऱ्यावर पडला होता. गालावर, नाकावर, पापण्यांवर पांढरे ठिपके थरथरत होते, आणि कपाळाच्या मधोमध तळहाताएवढा उजेड. असा चेहरा कुणी कधी पाहिला नसेल.

"माझी ठीक आहे," दादा म्हणाला. "सगळीकडे सारखी हिरवी. ठिपका नाही एकही."

कुणी हललं नाही. त्याने काच जराशी वर केली, खाली केली, आणि मग त्या शांततेतूनच त्याला काहीतरी उमगलं असावं. "आहे का?" त्याने हळूच विचारलं. "मुंगे, आहे का गं काही?"

मुकादमाने पुढे होऊन त्याच्या हातातली काच काढून घेतली, झोपलेल्याच्या हातातून सुरी काढून घ्यावी इतक्या सावकाश.

पायाला पट्टी बांधलेला माणूस बाकावरून खाली उतरला. गेल्या महिन्यात साच्यातून रसाची उसळी येऊन त्याचा पाय भाजला होता. रस पुरेसा तापला नव्हता की जास्त तापला होता, कुणाला ठरवता आलं नव्हतं. पारख्याने ओता म्हटलं होतं एवढंच सगळ्यांना आठवत होतं.

"म्हणजे त्या दिवशी तुला..." तो म्हणाला.

दादाने त्याच्याकडे तोंड वळवलं. पण तो माणूस जिथे उभा होता त्याच्या हातभर बाजूला दादा बघत होता.

त्या दिवशी दुसऱ्या पाळीची भट्टी पेटली नाही. अशी ती पेटायची राहिली, हे ओतशाळेत पहिल्यांदाच घडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाराहीजणांना तपासलं. तिघांच्या डोळ्यांत सुरुवात दिसली. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, मागच्या बाजूने धरलेले, भट्टीवाल्यांना होतात तसे. बाईने विचारलं, हे या काचेमुळेच का? डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "अडतीस वर्षांची भट्टी आणि चौदा महिन्यांची काच. यात कुणाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." ती सरळ दोष द्यायच्या तयारीने गेली होती. दोष मिळाला असता तर तो उचलता तरी आला असता. हा अर्धवट दोष कुठे धरायचा ते कळेना.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, भिंग बदललं. पट्टी काढली तेव्हा दादाने वहिनीकडे बघून म्हटलं, "तू इतकी म्हातारी कधी झालीस?" वहिनी रडता रडता हसली आणि म्हणाली, "तुमची वाट बघता बघता." दिसायला लागलं होतं, पण रंग बदलले होते. नव्या भिंगातून सगळं निळसर, कडक दिसायचं. मुकादमाने एक दिवस त्याला भट्टीपासून लांब उभं करून, वीस मिनिटं धुतलेल्या काचेतून रस दाखवला. दादा बराच वेळ बघत राहिला. मग टोप काढून मुकादमाच्या हातात देत म्हणाला, "हे माझं लोखंड नाही." त्यानंतर तो लाकडी साच्यांच्या कोठारात बसू लागला.

तीन महिने तो बहिणीशी बोलला नाही. वहिनी निरोप्या होती. "खुशाल आहेत," एवढाच निरोप यायचा.

बाईने कामगारांच्या सुरक्षेच्या खात्याला पत्र लिहिलं, त्यात स्वतःचं नाव आधी आणि साहेबांचं नंतर घातलं. चौकशी झाली. साहेबांची बदली झाली, काहीजण म्हणाले बढती झाली. बाईची सहीची मुभा काढून घेतली, पण तिला काढून टाकलं नाही. काकांनी चौकशीत धुलाईबद्दल खरं सांगितलं होतं, तिला बळीचा बकरा करणं मग अवघड गेलं. तिच्या हातात यादी आली. आठ मिनिटांच्या काचा सात ठिकाणी गेल्या होत्या. दादाची ओतशाळा धरून सहा ठिकाणांहून त्या परत आल्या. सातव्या ठिकाणाहून पत्राला उत्तर नव्हतं. फोन वाजत राहायचा.

वहिनीला फोनवर सांगून एका सकाळी ती रजा टाकून दिव्याची पेटी घेऊन बसथांब्यावर उभी राहिली. थोड्या वेळाने काळा चष्मा लावलेला दादा तिथे येऊन उभा राहिला, आणि काही न बोलता त्याने तिच्या हातातून पेटी घेतली.

"वहिनीने पाठवलं?"

"ती अजून उठलेली नाही." बस आली. चढताना त्याने पायरी पायाने चाचपली. "त्या पाय भाजलेल्याकडे गेलो होतो काल," तो बसल्यावर म्हणाला. "माफी मागितली. म्हणाला, बस, पाणी पी. एवढंच म्हणाला." पेटी मांडीवर घट्ट धरून बसला होता.

सातव्या ओतशाळेला कुलूप होतं. फाटकावरचा रंग उडालेला, आतल्या अंगणात गवत. समोरच्या पानाच्या टपरीवाल्याने सांगितलं की ओतशाळा बंद पडून पाच महिने झाले. सामान मोडीत गेलं. टोप, हातमोजे, काचा, सगळं ढिगाने. "घेतलं कुणी? या मागच्या गल्लीतल्यांनी. भंगार वितळवतात ना ते. त्यांना काय, फुकटात सोनेरी काच मिळाली. मिरवतात."

"गल्लीत भट्ट्या किती आहेत?" बाईने विचारलं.

टपरीवाल्याने हसून हात पसरले. "मोजायला कोण गेलंय?"

गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना पत्र्याची खोपटी, आणि भर सकाळी जवळजवळ प्रत्येक खोपटात आतून लाल उजेड हलत होता. हवा वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या वासाची. पहिली दोन खोपटी ओलांडून ती दोघं तिसऱ्याच्या दारात थांबली. आत एक बाई लांब चिमट्याने वितळलेल्या धातूचं भांडं, मूस, पेलून उभी होती. चाहूल लागून तिने मान वळवली, आणि त्यांना तिचं तोंड दिसलं नाही. जिथे तोंड असायला हवं तिथे गुळगुळीत सोनं होतं, आणि त्यात दारात उभी असलेली दोन वाकडी, बारकी माणसं.

"बाई, थांबा," दादा म्हणाला. "ती काच काढा तोंडावरची. जरा बोलायचंय."

"काच काढून कसं चालेल, भाऊ? हिच्यामुळे तर धगीला तोंड देता येतं." आतून आवाज हसरा आला. "एवढी मूस ओतून घेते, मग बोला."

"ओतू नका. आधी ऐका."

"रस थांबतो होय कुणासाठी?"

तिने पाठ फिरवली आणि आगीवर वाकली. दादाने उंबऱ्यातून एक पाऊल आत टाकलं, पण उकळता रस हातात असलेल्या माणसाला हात लावता येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. तो तसाच थांबला. बहिणीने त्याची बाही धरली. मूस हळूहळू कलली. दोघं दारात उभी राहून तिचं ओतणं संपायची वाट बघत राहिली, आणि शेजारच्या खोपटात कुणीतरी भाता जोरात हलवायला लागलं.